नोकरी गेली तेव्हा दोन कार्डांवर पावणेतीन लाखांच्या वर होते: माझा अडीच वर्षांचा हिशोब

हे लिहायला बरेच महिने टाळाटाळ केली. पण गेल्या महिन्यात ओळखीतल्या एकाची नोकरी गेली, त्याने रात्री फोन करून हळू आवाजात विचारलं की कार्डाचे पैसे नाही भरले तर पोलीस येतात का रे. मी पण २०२३ मध्ये हेच शोधत बसायचो, म्हणून सगळं तारखांसकट लिहून काढतोय.

मी पुण्यात धायरीला राहतो, भाड्याचा फ्लॅट, बायको आणि एक मुलगी, आईबाबा गावी कोरेगावजवळ. एका ऑनलाइन शिक्षणाच्या कंपनीत सेल्स ऑपरेशन्सला होतो, हातात ५८ हजार यायचे. १८ जानेवारी २०२३ ला एक मीटिंग लागली, वीस मिनिटात संपली, आमची अख्खी टीम काढली. शेवटचा दिवस ३१ जानेवारी. एक महिन्याचा नोटीस पगार मिळणार होता, तो फुल अँड फायनलमधून, म्हणजे कंपनीच्या शेवटच्या हिशोबातून, १७ मार्चला आला, म्हणजे फेब्रुवारी आणि अर्धा मार्च कोरडाच गेला.

त्या दिवशी माझ्याकडे दोन कार्डं होती. पहिलं पगाराचं खातं असलेल्या बँकेचं, त्यावर १,७८,००० बाकी. दुसरं वेगळ्या बँकेचं, त्यावर १,०६,०००. उधळपट्टी अशी काही नव्हती. २०२२ मध्ये आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मेडिक्लेमने सगळं दिलं नाही, वरचे नव्वद हजार कार्डावर गेले, मग वॉशिंग मशीन, शाळेची फी, किराणा, आणि एकदा पूर्ण बिल भरणं सुटलं की मग ते सुटतच जातं.

फेब्रुवारी, मार्च, एप्रिल असे तीन महिने मी मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, तेवढीच भरत राहिलो आणि मनाशी म्हणत राहिलो की आपण पैसे भरतोय, आपण थकबाकीदार नाही. पहिल्या कार्डाचा मिनिमम साधारण ५ टक्के, म्हणजे ८,९००. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे १,७८,००० वर ६,२३०, त्यावर १८ टक्के जीएसटी १,१२१. म्हणजे ८,९०० मधले ७,३५१ व्याजातच गेले आणि मुद्दल कमी झालं जेमतेम दीड हजाराने. हा हिशोब स्टेटमेंटवर असतोच, मी तो कधी मांडला नव्हता. शिवाय जुनी बाकी शिल्लक असली की नवीन खरेदीवर बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, दूध भाजीला कार्ड घासलं तरी त्याच दिवसापासून व्याज. मार्चमध्ये दुसऱ्या कार्डावरून एटीएममधून २०,००० काढले, ५०० रुपये फी, ९० जीएसटी आणि पहिल्या दिवसापासून व्याज. सगळ्यात महाग पडलेला निर्णय तो, कुणीही करू नका, त्यापेक्षा मित्राकडे हात पसरलेला परवडतो.

बायकोला नोकरी गेल्याचं माहीत होतं. कार्डाचा आकडा माहीत नव्हता. ती विचारायची, "अहो, कार्डाचं भरताय ना?" आणि मी हो म्हणायचो, आणि ते खोटं नव्हतं म्हणून आणखी सोपं जायचं.

५ मेला पहिल्या कार्डाचा हप्ता चुकला, १२ मेला दुसऱ्याचा. लेट फी प्रत्येकी १,३०० अधिक जीएसटी, म्हणजे १,५३४. मग फोन सुरू झाले. सुरुवातीला बँकेतून, सभ्य. मेच्या शेवटी रिकव्हरी एजन्सीकडून, दिवसाला तीस चाळीस, प्रत्येक वेळी वेगळा नंबर. मी फोन सायलेंटवर टाकून कपाटात ठेवायला लागलो, आणि त्यात नोकरीसाठी आलेले दोन कॉल मिस झाले ते मला नंतर ईमेलवरून कळलं. झोप उडाली होती, पहाटे तीनला उठून गॅलरीत उभा राहायचो. एकदा त्या वेळी १४४१६ ला फोन केला, सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं, फुकट आहे. पलीकडच्या बाईंनी कर्जाबद्दल काही सांगितलं नाही, त्या फक्त विचारत राहिल्या की घरात कोणाला सांगितलंय का. तुमची अशी अवस्था असेल तर आधी हा फोन करा, बाकीचं दुसऱ्या दिवशी.

मी सांगायच्या आधी एजंटनेच सांगितलं. १३ जूनला रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी त्याने गावी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन केला. कार्ड घेताना रेफरन्स म्हणून त्यांचा नंबर दिला होता. काय काय बोलला ते आबांनी मला अजून पूर्ण सांगितलेलं नाही.

आबा एसटीत कंडक्टर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळची गाडी पकडून अकराच्या सुमारास दारात उभे, हातात कापडी पिशवी, त्यात आईने दिलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. पाणी प्यायले आणि म्हणाले, "किती?" मी अंदाजे सांगायला लागलो तर म्हणाले, "अंदाज नको. कागद आण." भिंतीवरच्या कॅलेंडरचं मे महिन्याचं पान फाडलं, पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर पट्टी न घेता सरळ रेघ मारली, डावीकडे देणं, उजवीकडे असणं. तिकिटांचा हिशोब आयुष्यभर केलेला माणूस, आकडे एकाखाली एक बरोब्बर येत होते. पहिलं कार्ड १,९०,९००. दुसरं १,३०,५००. एकूण ३,२१,४००. मी पहिल्यांदा ती बेरीज एका जागी बघत होतो. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, काही बोलली नाही. मग आत गेली, डबा घेऊन आली, आणि आबांच्या हातातलं पेन घेऊन उजवीकडे स्वतः लिहिलं, तोडे. त्याखाली आबांनी लिहिलं, पीएफ. बस्स, उजवीकडे दोनच ओळी.

ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही, आणि तिचं बरोबर होतं. पैसे गेल्याचा राग नव्हता तिला, चार महिने मी एकट्याने हे डोक्यात घेऊन फिरत होतो आणि ती बाजूला झोपलेली होती, याचा होता.

पुढची कामं त्या पानावरून सुरू झाली.

पहिलं काम फोन थांबवणं. रिझर्व्ह बँकेचं ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक आहे, वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, दमदाटी करता येत नाही, नातेवाईक, मित्र, रेफरन्स यांना त्रास देता येत नाही. मी आबांच्या फोनवरच्या कॉल लॉगचा स्क्रीनशॉट, माझ्याकडची दोन रेकॉर्डिंग आणि नंबरांची यादी जोडून १६ जूनला बँकेच्या तक्रार विभागाला मेल केला. त्यातच लिहिलं की नोकरी अमुक तारखेला गेली आहे, मला पैसे बुडवायचे नाहीत, यापुढे लेखी बोला. चार दिवस काही नाही, मग नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे बँकेतल्या तक्रारींच्या वरच्या अधिकाऱ्याला, तोच मेल फॉरवर्ड केला. तीस दिवसात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर फुकट तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८ नंबर आहे. मला तिथपर्यंत जावं लागलं नाही, सव्विसाव्या दिवशी बँकेने माफीचा मेल पाठवला आणि एजन्सी बदलली. फोन पूर्ण थांबले नाहीत पण दिवसाला दोन वर आले, आणि बोलणारा माणूस अहो जाहो करायला लागला. आधी बँकेला लेखी तक्रार करणं गरजेचं आहे, थेट लोकपालाकडे गेलात तर तक्रार परत येते.

याच काळात व्हॉट्सअॅपवर एक पत्र आलं, वर राजमुद्रा, खाली अटक वॉरंट वगैरे शब्द. माझे हात थरथरत होते. सोसायटीतल्या एका वकील काकांना दाखवलं, ते म्हणाले हे खोटं आहे, कार्डाचे पैसे थकणं ही दिवाणी बाब आहे, त्यासाठी अशी अटक होत नाही. हां, चेक दिला असेल आणि तो परतला, किंवा खात्यातून आपोआप जाणारा हप्ता बाउन्स झाला, तर वेगळं कलम लागू शकतं, म्हणून खात्यात पैसे नसताना चेक देऊ नका असं त्यांनी बजावलं. खरी नोटीस आली तर तिच्यावर कोर्टाचं नाव, प्रकरणाचा नंबर असतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात जाऊन खरी खोटी करता येते. मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० हा नंबर आहे.

दुसरी गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती म्हणून ठळकपणे सांगतो. पगाराचं खातं आणि कार्ड एकाच बँकेत असेल तर थकबाकी झाल्यावर बँक खात्यातले पैसे रोखून ठेवू शकते. माझ्या खात्यातले ११,२०० असेच अडकले. त्यात मुलीच्या शाळेच्या बसचे पैसे होते. नोकरी गेली की त्याच आठवड्यात रोजच्या खर्चाचे पैसे दुसऱ्या बँकेत ठेवा.

यामुळेच पीएफ लांबला. पीएफ त्याच खात्यात आला असता तर तोही अडकला असता, म्हणून पोर्टलवर खातं बदलून सरकारी बँकेतलं टाकलं. तेव्हा खातं बदलायला कंपनीची डिजिटल मंजुरी लागायची. ज्या कंपनीने काढलंय तिच्या एचआरला चार मेल, दोन फोन, आणि एकवीस दिवस गेले. त्यात कंपनीने माझी नोकरी सोडल्याची तारीखच भरली नव्हती, पण शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले असतील तर ती आपली आपण आधार ओटीपीने भरता येते, मॅनेजमध्ये मार्क एक्झिट म्हणून आहे. आधीच्या कंपनीचा पीएफ मी २०२१ मध्येच ट्रान्सफर करून घेतला होता, त्यामुळे एकूण नोकरी पाच वर्षांच्या वर धरली गेली आणि टीडीएस कापला गेला नाही. १० जुलैला क्लेम टाकला. २४ जुलैला रिजेक्ट, कारण चेकचा फोटो अस्पष्ट. दिवसाच्या उजेडात, नाव छापलेला चेक, नीट फोटो काढून २६ ला परत टाकला. ११ ऑगस्टला १,३७,४०० जमा झाले. पेन्शनच्या भागाला हात लावला नाही.

यानंतर नियम बदललेत. एप्रिल २०२५ पासून बँक खात्याला कंपनीची मंजुरी आणि चेकचा फोटो लागत नाही, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने असा निर्णय घेतला की बेरोजगारीत ७५ टक्के लगेच आणि पूर्ण रक्कम पूर्वीसारखी दोन महिन्यांनी नाही, बारा महिन्यांनी. म्हणजे माझ्यासारखं पूर्ण पीएफवर गणित बांधू नका, आधी पोर्टलवर बघा.

दुसऱ्या कार्डाच्या बँकेने मात्र माणुसकीने घेतलं. नोकरी गेल्याचं पत्र आणि खात्याचं स्टेटमेंट पाठवल्यावर त्यांनी जुलैत थकीत १,३६,००० चे २४ हप्ते करून दिले, १८ टक्क्यांनी, महिन्याला ६,८०० च्या आसपास आणि व्याजाच्या भागावर जीएसटी. कार्ड ब्लॉक झालं, ते बरंच झालं. हे हप्ते नऱ्ह्यातल्या एका हार्डवेअरच्या दुकानातून निघायचे, तिथे मी सकाळी टॅलीवर बिलं आणि जीएसटीचं काम करायचो, महिना १२ हजार. मालक पगार दर महिन्याच्या एक तारखेला, न मागता द्यायचे. त्या दिवसात याचं मोल फार होतं.

जुलैतच एका फायनान्स कंपनीकडून ऑफर लेटरही आलं होतं, ४८ हजार. ऑगस्टमध्ये बॅकग्राउंड तपासणीत क्रेडिट रिपोर्ट बघितला आणि ऑफर मागे घेतली. जानेवारीत माझा सिबिल स्कोअर ७६८ होता, तेव्हा ५८३. नोकरी नाही म्हणून कर्ज थकलं आणि कर्ज थकलं म्हणून नोकरी नाही, हे वाचून मी जिन्यातच बसलो. बँक, फायनान्स अशा क्षेत्रात अर्ज करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

तेवढ्यात पहिल्या बँकेकडून टपालाने नोटीस आली, ९ सप्टेंबर २०२३, शनिवार, राष्ट्रीय लोकअदालत, शिवाजीनगर जिल्हा न्यायालय, दावा दाखलपूर्व प्रकरण, म्हणजे कोर्टात दावा दाखल व्हायच्या आधीचं. आता ही खरी होती. घाबरलो, पण जाऊन आल्यावर सांगतो, लोकअदालतीला घाबरायचं काहीच कारण नाही. फी नाही, वकील लागत नाही, आधार आणि शेवटचं स्टेटमेंट घेऊन जायचं. एका हॉलमध्ये टेबलं मांडलेली, प्रत्येक बँकेचा माणूस लांबलचक यादी घेऊन बसलेला, समोर पॅनेल. मी साडेदहाला पोचलो, नंबर पावणेदोनला आला. माझ्या बाजूला एक रिक्षावाले मामा होते, ४० हजारांचं प्रकरण, नोटीस इंग्रजीत म्हणून त्यांनी माझ्याकडून वाचून घेतली. ते तडजोड करून, सही करून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला होता.

माझी थकबाकी तोवर २,११,८०० झाली होती. बँकेचा माणूस म्हणाला, एकरकमी १,२५,००० भरा, प्रकरण मिटवू. ऐकायला फार बरं वाटलं. पण मी विचारलं, रिपोर्टवर काय दिसेल? तो म्हणाला, सेटल्ड. पॅनेलवरच्या मॅडमनीच मला समजावलं की सेटल्ड आणि क्लोज्ड यात फरक आहे, सेटल्ड म्हणजे पुढच्या प्रत्येक बँकेला कळतं की यांनी पूर्ण फेडलं नव्हतं. त्या म्हणाल्या, आज सही करायलाच पाहिजे असं नाही, विचार करा. तडजोडीवर सही झाली की ती कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच, त्यावर अपील नाही, हेही त्यांनी सांगितलं.

माझं मत असं आहे की ज्याच्याकडे खरंच काही नाही त्याने सेटलमेंट जरूर घ्यावी, त्यात लाज नाही, घर चालणं महत्त्वाचं. माझ्याकडे त्या पानावर उजवीकडे दोन ओळी होत्या आणि एक ऑफर हातातून गेलेली होती, म्हणून मी पूर्ण भरायचं ठरवलं. ११ सप्टेंबरला मेल केला, लेट फी आणि शेवटचं काही व्याज माफ करा, मी बाकी सगळं एकरकमी भरतो, आणि खातं क्लोज्ड म्हणून रिपोर्ट कराल हे लेखी द्या. १३ ला उत्तर आलं, १५,४०० कमी केले, भरायचे १,९६,४००, आणि क्लोज्ड हा शब्द मेलमध्ये होता. तो शब्द मेलमध्ये आल्याशिवाय एक रुपया भरू नका. फोनवर सगळे हो म्हणतात.

१४ ला तोडे घेऊन सरकारी बँकेत गेलो. बायको बरोबर आली. बँकेने नेमलेल्या सराफाने तोडे काळ्या कसोटीच्या दगडावर घासले, त्या पिवळ्या रेघेवर थेंबभर आम्ल टाकलं, रेघ तशीच राहिली. मग वजन, ४१ ग्रॅम. आत लाख भरलेली असते म्हणून ५ ग्रॅम वजा, निव्वळ ३६. हे आम्हाला माहीत नव्हतं, घरी आम्ही ४१ धरून चाललो होतो. ग्रॅमला साधारण ३,९०० प्रमाणे १,४०,००० मिळाले, वर्षाला ९ टक्के, म्हणजे महिन्याला १,०५० व्याज. तेच पैसे कार्डावर राहिले असते तर महिन्याला पाच हजारांच्या वर गेले असते. पाकिटावर लाखेचं सील लावलं, दोघांच्या सह्या झाल्या. बाहेर पडल्यावर ती म्हणाली, "गौरीला काचेच्या बांगड्या घालीन, तशाही हिरव्याच शोभतात." पाच दिवसांवर गणपती होते.

१५ सप्टेंबरला पैसे भरले, तोड्यांचे १,४०,००० आणि पीएफमधले ५६,४००. एजंट म्हणत होता माझ्या यूपीआयवर टाका, लगेच क्लोज करतो. असं कधीच करायचं नाही, पैसे फक्त कार्डाच्या नंबरवर बँकेच्या ॲपमधून भरायचे. उरलेले ८१ हजार घराला पुरवले.

नो ड्यूज पत्रासाठी तीन आठवडे टाळलं. बाकी शून्य असेल तर कार्ड बंद करायचा अर्ज दिल्यावर सात कामाच्या दिवसात बंद करावं लागतं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला, हा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम मेलमध्ये लिहिला, दुसऱ्या दिवशी पत्र आलं. अडकलेले ११,२०० पण सुटले.

नोव्हेंबर २०२३ मध्ये चाकणच्या एका लॉजिस्टिक कंपनीत लागलो, ४४ हजार. आधीपेक्षा कमी, धायरीहून जाण्यायेण्यात रोज चार तास. सप्टेंबर २०२४ मध्ये सोनेतारणाचं वर्षाचं व्याज १२,६०० भरून कर्ज नव्याने केलं, फेब्रुवारी २०२५ मध्ये तोडे सोडवले. दुसऱ्या कार्डाचा चोविसावा हप्ता जुलै २०२५ मध्ये गेला. स्कोअर आता ७२९ आहे. उशीर झालेले महिने रिपोर्टवर छत्तीस महिने दिसत राहतात, तेवढी वाट बघायचीच.

एक काम अजून बाकी आहे. देशात क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या चार कंपन्या आहेत, सिबिल त्यातलीच एक, प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, आणि चारही बघायला हवेत हे मला उशिरा कळलं. त्यातल्या एकीच्या रिपोर्टवर दुसऱ्या कार्डाचा शेवटचा हप्ता अजून थकीत दिसतोय. नो ड्यूज पत्र जोडून तक्रार टाकली आहे. तीस दिवसात दुरुस्त केलं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये तक्रार करणाऱ्याला द्यावे लागतात. आज बावीसावा दिवस. आबांचा काल फोन होता, विचारत होते त्या पानावरची शेवटची ओळ खोडली का, मी म्हटलं अजून आठ दिवस थांबा.